हात मांगे

कुठलंही बिघडलेलं यंत्र समोर ठेवलं की आप्पा पहिल्यांदा स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. मग त्याच्याभोवती सावकाश एक चक्कर. आपण घाईघाईने बटण दाबून दाखवायला गेलो, की म्हणायचे, "हात मांगे, सर. पहिले देखी ल्या."

ही खोड सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली. आप्पांचे वडील तिथे दलाली करायचे. घोड्याला बघायच्या आधी हात लावणारं गिऱ्हाईक कच्चं, असं त्यांचं ठाम मत. आप्पा घोड्यांऐवजी मोटारींकडे वळले. रनाळ्यात आमच्या घराशेजारी त्यांचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या. पुढे मोबाईल आले, लॅपटॉप आले. आप्पांनी कशालाच नाही म्हटलं नाही. माझे वडील म्हणायचे, याच्याकडे विमान नेलं तर उडेल की नाही सांगता येत नाही, पण उघडेल नक्की.

मी नोकरी करतो डोंगरात, काठी गावाच्या अलीकडे, एका निवासी शाळेत. एका संस्थेने शाळेला बारा लॅपटॉप दिले. दोन वर्षांत संस्थाच बंद पडली, आणि लॅपटॉप मात्र तिचंच लॉगिन मागत बसले. ते माझ्या ताब्यात, म्हणून बोलणीही मलाच. तपासणीला साहेब यायचे होते. तोवर सुरू झाले नाहीत तर सगळे भंगारात काढायचे आणि त्या खोलीत तांदळाची पोती ठेवायची, असं ठरलं. शाळेत दुसरा एकही संगणक नव्हता. पोरं पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर टाइप करायला शिकत होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

मी आप्पांना बोलावलं. एसटी बदलत बदलत ते आले आणि हात मागे बांधून बाराही लॅपटॉपांपुढून फिरले. मला वाटत होतं, पेनड्राइव्ह लावायचा, दुसरी सिस्टीम टाकायची, झालं काम. आप्पांनी मान हलवली. "हाऊ लॅपटॉप नही शे सर, कीबोर्डवाला मोबाईल शे." आत चिप मोबाईलसारखी, आणि सुरू होताना ती फक्त कंपनीची सही असलेली सिस्टीम ओळखते, दुसरी कुठली आली की दारातूनच परत पाठवते, असं त्यांनी मला समजावलं. मग विचारलं, कागद शे का? मी संस्थेचं दानपत्र दाखवलं. ते त्यांनी शब्द न् शब्द वाचलं, लॅपटॉप शाळेच्या मालकीचे आहेत याची खात्री केली, तेव्हा कुठे पिशवीतून पेचकस बाहेर आला.

पहिला लॅपटॉप त्यांनी मारला. चिपला थेट तारा जोडून जबरदस्तीने भरलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच मॉडेलचा निघाला आणि तो कायमचा काळा पडला. "हाऊ मन्हा हातघाई गया," माझ्याच हातून गेला, एवढंच म्हणाले. त्या दुपारी ते जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही, खरं तर मला रागच आला होता.

दुसरा उघडून मात्र ते कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिले. मग मला जवळ बोलावलं. आतला प्रत्येक स्क्रू काही ना काही धरून होता. एकच मधोमध बसलेला, कशालाच न धरणारा. "हाऊ आठे कसाले बठेल शे?" तीच मेख निघाली. तो आवळलेला असेपर्यंत चिप आपणहून नवं काही लिहून घ्यायची नाही. तो काढला, आणि कुलूप सैल झालं. दोन दिवसांत अकरा लॅपटॉपांवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम सुरू झाली, तीही मराठीत.

एक गोम राहिलीच. दर वेळी चालू केलं की आधी पांढरा पडदा यायचा. त्यावर इंग्रजीत इशारा, की ही सिस्टीम ओळखीची नाही, दुरुस्तीसाठी स्पेसबार दाबा. दाबला की सगळं पुसलं जाणार आणि कुलूप परत लागणार. न दाबता तीस सेकंद थांबलं तर शिट्टी वाजून गाडी पुढे जायची. या मॉडेलात तो पडदा जात नाही, आप्पा म्हणाले, आणि पोरांना एकच धडा दिला: पांढरं दिसलं की हात मांगे. आमची पोरं घरी पावरी बोलतात, आप्पांची अहिराणी त्यांना परकीच. त्यांना वाटलं, त्या पडद्याचंच हे नाव. "सर, हातमांगे आलं," असं ती सांगायला लागली.

तपासणीच्या दिवशी आप्पा मुद्दाम थांबले होते. साहेब खुर्चीत बसले, पांढरा पडदा नीट वाचला आणि मी तोंड उघडायच्या आत स्पेसबार दाबला. लॅपटॉप स्वतःला पुसायला लागला. मुख्याध्यापक माझ्याकडे असे बघत होते की तांदळाची पोती मला दिसायला लागली.

आप्पा शांतपणे पुढे झाले. "साहेबनं काही चुकनं नही. तठे लिखेल व्हतं, तेच तेसनी करं."

आणि साहेबांसमोरच त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. तास गेला. साहेब चहाही विसरले. पांढरा पडदा परत आला तेव्हा ओळीत उभ्या पोरांनी हात मागे घेतले, आणि कोणी न सांगता साहेबांनीही घेतले. शिट्टी वाजली. लॅपटॉप राहिले.

या वर्षी, शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा सकाळी रनाळ्याहून फोन आला. आप्पा गेले. पुढचाच तास संगणकाचा होता. पोरांना सांगायला हवं होतं, पण मी नुसती हजेरी घेतली. त्यांनी नेहमीसारखे अकरा लॅपटॉप चालू केले. अकरा पांढरे पडदे आले. सगळ्यांचे हात पाठीमागे गेले. मीही घेतले, आणि खाली बघत उभा राहिलो. 

शिट्ट्या कधी वाजल्या, मला कळलंच नाही. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, सुरू झालं. आता हात पुढे घ्या."