खिळ्यावर किल्लीच न्हाई

मंडळी, आज माणसांची लई किळस आलीय, म्हणून लिहून राहिलो.

मी औशाचा, कामाला वापीत. सुट्टीत कुलपं उघडायचा नाद लागलाय. आतल्या पिना दिसतात असं पारदर्शक कुलूप ऑनलाइन मागवलं. वाकड्या पट्टीनं हलका दाब धरायचा अन् तारेनं एकेक पिन वर ढकलायची. दाब जास्त झाला की सगळं अडकून बसतं. एवढंच जमतंय अजून.

सकाळी शेजारच्या खोलीतल्या काकू, उमरी गावच्या, रडत आल्या. लेकरू आत झोपलेलं, बाहेरून कुलूप लावून त्या पाण्याला गेलेल्या अन् किल्ली गटारात पडली. मी कुलूप उघडलं. "बाळा, देवासारखा आलास," म्हणल्या.

माझ्या खोलीतला जळकोटचा बालाजी बघत होता. म्हणला, "आमच्या पेट्या बी अशाच उघडत असशील की."

आमच्या खोलीची किल्ली बाहेर दाराजवळच्या खिळ्याला असते. आधी येईल त्यानं घ्यायची. संध्याकाळी ड्यूटीवरून आलो तर खिळा रिकामा. बालाजीला फोन लावला.

"किल्ली माझ्याजवळ हाय. तुला कशाला लागती किल्ली?" बालाजी म्हणला. मागून आमचे बाकीचे खोलीवाले हसून राहिले. ह्यांच्यासंगं एका ताटात जेवलो मी. थू.

पट्टी अन् तार खिशात हायत. समोरचं कुलूप काकूंच्यापेक्षा साधं हाय. तरी मी पायरीवर बसलोय, कारण उघडलं की बालाजीचंच खरं ठरंल.

तुम्ही असता तर उघडलं असतं का?