द्राक्षांच्या गावातला आठवडा

फ्रान्समधल्या एका खेड्यात जाऊन आठ दिवस नुसतं बसून राहायचं, हा बेत आमच्या लेकीचा. ती तिकडे नोकरी करते. चार वर्षांत तिला घरी यायला सवड झाली नव्हती, आणि आता एकदम आईबापाच्या दुखऱ्या गुडघ्यांची काळजी लागली होती. द्राक्षांच्या मळ्यातलं एक दगडी घर तिने भाड्याने बघून ठेवलं होतं. तिथे बघायला काय आहे, मी विचारलं. काहीच नाही, तेच तर चांगलं आहे, ती म्हणाली. रोह्याहून निघून, विमानात बसून, काही नसलेलं बघायला जायचं, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. पण लेक भेटणार होती. त्यासाठी तिने मला माळरानावर बसवलं असतं तरी मी बसले असते.

तारीख मी ठरवली. माझं माहेर पेणचं, घरात गणपतीचा कारखाना. आमच्याकडे लग्न, ऑपरेशन, गळकं छप्पर, सगळं ‘गणपती गेल्यावर’. आता कारखान्यात मी वर्षातून दोनदा पाय ठेवते, तेही भावजय बोलावते म्हणून, पण खोड काही जात नाही. लेक म्हणाली, आई, त्या वेळी तिथे द्राक्षांची तोडणी असते, गडबड असते, त्यापेक्षा मे महिन्यात या. मे महिन्यात पेणचं माणूस गावाला गेलं तर कारखान्यातले लोक काय म्हणतील, मी म्हटलं. कारखाना भावाचा, मी रोह्यात, आणि लोकांची काळजी मला. तिने हात टेकले.

मी एक वही केली. सोमवारी काय, मंगळवारी काय. आठवडाभर काही करायचं नसलं तरी ते कधी करायचं नाही हे लिहून ठेवायला हवं, असा माझा स्वभाव. बरोबर न्यायचे पोह्याचे पापड पेणहून आणून ठेवले. आमच्या ह्यांना मी वही वाचून दाखवायचे आणि हे एकेक गोष्ट खोडायचे. मळ्यातून फिरणं नको. शेजारच्या गावचा बाजार नको. शेवटी मी विचारलं, मग करणार काय तुम्ही तिथे? तर म्हणाले, जायलाच पायजे का?

हे इथल्याच एका केमिकल कंपनीत प्लांटवर ऑपरेटर होते. तीस वर्षं तीन शिफ्ट केल्या आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. रिकामपणाची सवय नाही, म्हणून कुरकुरतायत, असं मी धरून चालले.

मग लेकीने सांगितलं की घराचा म्हातारा मालक पाहुण्यांच्या हातात वाइनचा पेला देतो, आणि पिण्याआधी नुसता हुंगायला लावतो. कुणाला त्यात पेरू सापडतो, कुणाला ओली माती. मला याची फार गंमत वाटली. आयुष्यात थेंब घेतला नाही, पण हुंगण्याने काय बाटणार होते? मी वहीत लिहिलं, गुरुवार, हुंगणे. हे म्हणाले, ते काढ. मी भडकले. अख्ख्या कंपनीत ज्यांच्या नाकाची कीर्ती, ते आता द्राक्षाच्या रसाला भ्यायला लागले, असं मी म्हणाले. हे उठून गॅलरीत गेले.

नाकाची कीर्ती म्हणजे खरीच कीर्ती होती. प्लांटवर गॅस तपासायला मीटर असतो. पावसाळ्यात दमट हवेने तो उगीचच कोकलतो, दिवसातून दहा वेळा. त्यामुळे सगळ्यांची रीत पडून गेली होती: मीटर वाजला की त्याला एक टपली मारायची आणि ह्यांना बोलवायचं. टाकीच्या तोंडाशी उभे राहून हे सांगायचे, येतोय किंवा येत नाय. येत नाय म्हटलं की काम सुरू. हळदीकुंकवाला बायका मला हे कौतुकाने सांगायच्या आणि मी फुगायचे.

रविवारी सकाळी लेकीने त्या घराचे नियम मराठीत करून पाठवले. चहा पिता पिता मी मोठ्याने वाचत होते. कचरा कुठे टाकायचा, पाणी किती तापतं. मग आलं की तोडणीच्या दिवसांत पाहुण्यांनी तळघरात उतरू नये. द्राक्षं आंबताना एक वायू सुटतो, तो खाली साचून राहतो, त्याला वास नसतो. मालक स्वतःसुद्धा मीटर हातात असल्याशिवाय तिथे पाय ठेवत नाहीत.

ह्यांनी कप खाली ठेवला. पुन्हा वाच, म्हणाले. मी वाचलं.

“मला वास येत नाय गो,” हे म्हणाले. “दहा वर्षं झाली.”

सर्दीबिर्दी असेल, मी म्हटलं. मग माझं मलाच आठवायला लागलं. दूध करपून काळं झालं तरी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले हे. सुकट नासली होती तरी मुकाट जेवलेले हे. आळशी म्हणून मी किती बोलले होते. दहा वर्षं एका घरात राहून बायकोला कळू नये, याचा दोष मी कुणाला देऊ?

पुढचं ह्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. कंपनीतल्या हवेनेच नाक हळूहळू गेलं होतं. बोलले असते तर प्लांटवरून काढून कुठेतरी गेटवर बसवलं असतं, नाहीतर घरी. लेकीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं. म्हणून हे अंदाजाने सांगत राहिले. जरा शंका आली तर येतोय म्हणायचं, म्हणजे काम थांबतं. तशी दोन वर्षं निभली. मग एका दुपारी मीटर वाजला, वरून घाई होती, आणि हे म्हणाले, येत नाय. टाकीत उतरायच्या परमिटवर सही केली. फिटरने टाकीच्या तोंडातून डोकं आत घातलं आणि तसाच आत कोसळला.

तो फिटर मला माहीत होता. जित्याकडचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला, ह्यांच्याच वयाचा. गणपतीला आमच्याकडे यायचा आणि आरतीला सगळ्यांच्या वरचा सूर लावायचा. त्याच्या मरणाची चौकशी झाली, दोष मीटरवर गेला, नवीन मीटर आले. आम्ही दोघं त्याच्या बाराव्याला जाऊन आलो होतो. मी त्याच्या बायकोला जवळ घेऊन म्हटलं होतं, यंत्राचं काय खरं असतं बाई.

हे सगळं ऐकून मी काय म्हणाले ते लिहायला हवं. मी म्हणाले, जे झालं ते झालं, आठ वर्षांनी उकरून कुणाचं भलं होणार आहे? आधी लेकीकडे जाऊन येऊ, मग बघू. एका माणसाच्या जिवासमोर मी माझे आठ दिवस ठेवले आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

“तिथं खुर्चीत बसून मी काय करू?” हे म्हणाले. “इथं निदान पाणी भरायचं असतं, भाजी आणायची असते. तिथं नुसतं बसायचं. मला तोच दिसणार.”

 लेक रोज विचारायची, व्हिसाचे फॉर्म भरले का? माझा भरला होता. ह्यांचा टेबलावर तसाच पडलेला, सही नसलेला. मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी हे म्हणाले, फिटरच्या बायकोला भेटून येतो, मग तू म्हणशील तिथे येतो. एकटे सोडायचा धीर मला झाला नाही. रोह्याहून गाडीने जित्याला उतरलो, पुढे रिक्षा केली. नागोठण्यापासून ह्यांचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते घोकत होते.

फिटरची बायको ओटीवर सुपात सुकी कोलंबी निवडत बसली होती. तिने आम्हाला ओळखलं, बसायला चटई टाकली, पाणी दिलं. हे बसले नाहीत. उभ्यानेच, शाळेतल्या मुलासारखं, एका दमात सगळं बोलून मोकळे झाले. नाक गेलं होतं, लपवलं, न कळता नाय म्हटलं, सही माझी, तुमचा माणूस माझ्या शब्दावर आत गेला. ती ऐकत होती. तिचे हात थांबले नव्हते.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली.

तिला संशय असणार, असं मला वाटलं. पण तसं नव्हतं.

“आमच्या मानसानंच सांगितलं व्हतं, कवाच. दादांचं नाक गेलंय, पन कुनाला कलायला नको, त्यांची पोर अजून शिकते. म्हनून तुमी नाय म्हनलात की तो आदी सोता पुडं व्हऊन हुंगायचा. मंग बाकीच्यांना सोडायचा.” तिने सूप खाली ठेवलं. “दोन वरसं तसंच करीत व्हता. मी नको बोलायची. म्हनायचा, पोर एकदा मार्गी लागू दे.”

हे आता चटईवर बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चौकशीच्या वेळी ही का बोलली नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते विचारायची माझी लायकी नव्हती. न बोलण्याचा सगळा फायदा आमच्या घरात आला होता.

“कुठं असते गो ती आता?” तिने मला विचारलं.

“फ्रान्सला,” मी म्हटलं.

“नोकरीला?”

“हो.”

“मंग झालं त्याचं काम,” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठत चहा टाकायला आत गेली.

स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. हे दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. लेकीला हे सांगावं लागणार होतं, आणि आमच्या दोघांत ते सांगणारी मीच होते.