चौकटींचं वळण

सून घरी बसून कॉम्प्युटरचं काम करते. लेक झाली तेव्हा तिची नोकरी सुटली होती. आता लातुरातूनच करायचं काम मिळालं, पण कच्चं. त्या दिवशी दुपारी पुण्याचे साहेब तिचं काम बघणार होते. पसंत पडलं तर कायम, नाही तर तान्ही लेक माझ्याजवळ ठेवून तिनं पुणं गाठायचं. सांभाळायला माझी ना नव्हती. पण पोरीचं वय आईविना राहायचं नव्हतं.

काम दवाखान्याच्या नोंदीचं. नर्सनं टॅबवर पेशंटचं वय, वजन, तक्रार लिहायची. ज्याला त्याला एक चौकट. आधी प्रत्येक चौकटीची तऱ्हा निराळी होती.

"चौकटीनं कसं वागायचं ते आता एकाच जागी लिहिलंय, आत्या," सून म्हणाली. "ती स्टाईल सगळ्या चौकटींना लावली. सगळ्या सारख्याच वागतात."

"वळण लावलं म्हण की."

"हाव, वळणच."

आमचे गुरुजी अक्षराचंही वळण बघत आणि पोरांचंही. मी चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली होते.

तिनं टॅब माझ्या हातात दिला. वजनाच्या चौकटीला बोट लावलं तर जुना आकडा निळा झाला. नवा टाकला, जुना गेला. खोडत बसायचं काम नाही. मग तक्रारीत लिहिलं, उजवा गुडघा दुखतो, खाली बसलं की उठता येत न्हाई, लई ठनकतो. 'ठणकतो'चा 'ण' चुकला होता. तिथं बोट लावलं. सगळंच निळं झालं. मी 'ण' दाबला. गुडघा गेला, उठबस गेली, एकटा 'ण' उरला.

"तुझ्या डबड्यानं माझी तक्रार खाल्ली."

"काय दाबून राहिल्या तुम्ही?"

"चुकलं तिथंच दाबलं. नर्सनं इतकं लिहावं अन् असं जावं, तर शिव्या कुणाला घालल ती?"

तिनं स्वतः करून पाहिलं. तिचंही गेलं.

"वळण काढलं तर आकड्यांच्या चौकटी परत बिघडतील. अन् साहेब आत्ता येतील."

"सगळ्यांचं कशाला काढतीस? हिचीच खोड मोड."

पोरगी माझ्या मांडीवर देऊन ती कामाला लागली. बाकीच्या चौकटींचंच वळण तक्रारीला ठेवलं, बोट लागताच सगळं निळं करायची तेवढी एक खोड वगळली. मला परत गुडघा लिहायला लावला. या वेळी 'ण' नीट बसला.

साहेब आले ते पडद्यावर. मी आतल्या खोलीत पोरगी घेऊन बसले होते, दार उघडंच होतं.

"ही एकच चौकट वेगळी का?" साहेबांनी विचारलं.

"सर, आकडा बदलायचा असतो. तक्रार दुरुस्त करायची असते."



"बरोबर. पहिल्या तारखेपासून कायम. आणि हा गुडघा कुणाचा?"

"सासूबाईंचा, सर."

"दाखवा त्यांना कुठं तरी."

पोरगी रडायला लागली होती. सून आत आली, तिला घेऊन गेली. मी भिंतीला धरून उठले.