ज्ञात अडचणी, मुद्दा सातवा

वाचनालयांसाठी एक फुकट सॉफ्टवेअर आहे. देशोदेशीचे लोक आपापल्या घरी बसून ते बनवतात. मालक कुणीच नाही, ज्याला हवं त्यानं घ्यावं आणि वापरावं. दर चार-सहा महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते, आणि निघाली की वेबसाइटवर एक पान चढतं: यात नवीन काय, दुरुस्त काय झालं, बदललं काय, आणि जपून राहायचं कशापासून. ते पान सहा वर्षं मी लिहिलं. लोणावळ्यात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर. नवरा ड्यूटीवर आणि मुलगी शाळेत गेली की ताटं उचलायची, टेबल पुसायचं आणि लॅपटॉप उघडायचा.

त्याआधी मी हिंजवडीला एका कंपनीत मशिनांची माहितीपुस्तकं लिहायची. मुलगी झाली, ते सुटलं. हे काम मी आपणहून धरलं. प्रोग्राम लिहिणारे सगळे हुशार, पण त्यांना सांगता येत नसे. ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढं लिहून मोकळे व्हायचे. ती किरकोळ दुरुस्ती म्हणजे काय, कुणाचं काय बिघडत होतं आणि आता बिघडणार नाही, हे विचारत मी एकेकाच्या मागे लागायची. काही चिडायचे, काही उत्तरच द्यायचे नाहीत. मग मी स्वतः नवी आवृत्ती घालून, चालवून, मोडून बघायची आणि लिहायची. साध्या इंग्रजीत, लहान वाक्यांत. कारण हे पान वाचणारा माणूस कसा असतो, ते मला माहीत होतं. त्यातला एक माझ्या गावचा होता.

आमचं गाव सुदुंबऱ्याच्या अलीकडे. गावात आमच्या वस्तीचा बुद्धविहार आहे आणि त्याला लागून एक खोली. त्या खोलीत वाचनालय. ते चालवणारे आबा माझ्या वडिलांचे मित्र. तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले. जन्मभर नट-बोल्टांची नोंद ठेवलेला माणूस, त्याला पुस्तकांची नोंद ठेवायला मिळाली. वडील गेले त्या वर्षी मी गावी गेले होते, तेव्हा मीच आबांच्या मागे लागून ते सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरवर घातलं. सुरुवातीला ते नाराज होते.

“वही काय वाईट हाय? वहीला लाइट लागत न्हाई,” म्हणाले.

पण लागले करायला. एका बोटानं टाइप करत त्यांनी दीड वर्षात साडेतीन हजार पुस्तकं चढवली. पुस्तकाचं नाव, लेखक, कुणी भेट दिलं, कोणत्या कपाटात. ‘भेट कुणाकडून’ हा रकाना सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. आबांनी सांगितलं म्हणून मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे मागणी नोंदवली आणि पुढच्या आवृत्तीत तो आला. त्या पानावर तेव्हा मी लिहिलं होतं, ‘भारतातल्या एका गावच्या ग्रंथपालांच्या सूचनेवरून’. आबांना फोनवर वाचून दाखवलं, तर त्यांनी तेवढं वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. मग विहारात बुद्धवंदनेनंतर सगळ्यांना सांगितलं. सगळं चढवून झाल्यावर जुन्या वह्या त्यांनी रद्दीत दिल्या. मीच म्हटलं होतं, आता कशाला जागा अडवायची.

ते पान वाचायलाही मीच त्यांना शिकवलं. जुजबी इंग्रजी आणि शेजारी शब्दकोश. नवी आवृत्ती आली की आधी पान वाचायचं, मगच बटण दाबायचं, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

गेल्या पावसाळ्याआधी एक मोठी आवृत्ती निघायची होती. मी नेहमीसारखी मराठी नावं घालून चाचणी घेतली. नवी आवृत्ती चढवली आणि यादी उघडली, तर सगळी नावं गेलेली. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. अक्षरं साठवायची आतली पद्धत बदलली होती. ज्यांनी जुन्या काळी सॉफ्टवेअर घातलं, त्यांनी आधी एक आज्ञा, म्हणजे कमांड, चालवून घेतली नाही, तर इंग्रजी सोडून सगळं पुसलं जाणार होतं. कायमचं. मी दोनदा, तीनदा करून पाहिलं. तेच.

मी पानाच्या अगदी वर लाल चौकट केली. ‘थांबा. तुमची पुस्तकं इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीत असतील, तर हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.’ खाली ती आज्ञा, पायरीपायरीनं.

दुसऱ्या दिवशी या सॉफ्टवेअरचं सगळं काम जुळवणाऱ्या प्रकल्पाच्या प्रमुखाचा कॉल आला. हा गृहस्थ युरोपात राहतो. सहा वर्षांत आम्ही चार-पाचदाच बोललो असू. फार गोड बोलणारा. एका मोठ्या संस्थेचे लोक या आठवड्यात आमची वेबसाइट पाहणार होते. पसंत पडलं तर पैशांची मोठी मदत मिळणार होती.

“पान सुंदर झालंय,” तो म्हणाला. “फक्त ती लाल चौकट. पान उघडलं की पहिलं तेच दिसतं. नवं काय आहे ते दिसू दे ना आधी.”

मी म्हटलं, “पण लोकांचं सगळं पुसलं जाईल.”

“किती लोकांचं? बहुतेकांना काहीच होणार नाही. आणि मी काढायला कुठं सांगतोय? खाली ‘ज्ञात अडचणी’ आहेत, तिथे घाल. ज्याला गरज आहे तो वाचेल.”

मग तो सहज बोलल्यासारखं म्हणाला की टीमचं पान नव्यानं करतोय, त्यात तुझं नाव आणि फोटो हवा, एखादा चांगला फोटो पाठवून ठेव.

इथे मला खोटं बोलता येणार नाही. टीमच्या पानावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे फोटो असत आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: ‘लेखनात मदत करणाऱ्या सर्वांचे आभार’. त्या ‘सर्वांत’ मी सहा वर्षं होते. सासरचे लोक विचारायचे, दिवसभर कॉम्प्युटरवर काय करतेस? मला ते पान उघडून दाखवायचं होतं.

मी चौकट काढली. वाक्य सौम्य केलं आणि खाली नेलं. तिथे आधीच सहा अडचणी होत्या: छपाईत समास चुकतो, कुठल्याशा भाषेत बटण तुटकं दिसतं, असल्या. माझं वाक्य सातवं झालं. त्याच्या वर, नव्या गोष्टींची यादी संपते तिथे, नवी आवृत्ती चढवायचं मोठं हिरवं बटण होतं. ती जागाही मीच ठरवली होती.

मग फोटो पाठवला.

आबांना फोन करायचं माझ्या मनात होतं. नाही केला. काही चढवायचं असलं की ते आधी मला विचारतात, अशी खात्री होती. ते विचारायचे ते सुरुवातीला. पुढे त्यांचं त्यांना जमायला लागलं होतं आणि त्याचं मलाच कौतुक होतं.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. मी भाजी निवडत होते.

“पोरी, पुस्तकांची नावं गेली.”

“गेली म्हणजे?”

“गेली म्हंजी गेली. समदीकडं प्रश्नचिन्हं. काल चढवलं ते नवीन. आज एक बाई पुस्तक मागाया आली, तर हे असं.”

“आबा, बॅकअप? पेन ड्राइव्हवरचा?”

“त्यात बी तेच हाय.”

रोज संध्याकाळी बंद करताना बॅकअप आपोआप व्हायचा आणि आदल्या दिवसाचा पुसला जायचा. मीच तसं लावून दिलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं इमानेइतबारे प्रश्नचिन्हांचा बॅकअप घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी लोकलनं तळेगावला उतरले, तिथून चाकणच्या रस्त्यानं शेअर रिक्षा धरली. आबा खोलीचं दार उघडून बसले होते. पडद्यावर यादी होती. अनुक्रमांक होते, कपाटांचे क्रमांक होते, बाकी प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. मध्येच एखादं इंग्रजी नाव: एक शब्दकोश, स्पर्धापरीक्षांची चार पुस्तकं, कुण्या पुणेकरानं दिलेलं कुत्रे पाळण्याचं पुस्तक. इंग्रजी तेवढं शाबूत.

‘भेट कुणाकडून’ या रकान्यातही प्रश्नचिन्हं होती. त्यात माझ्या वडिलांचं नाव एकशेबारा वेळा होतं.

मी दोन तास खटपट केली. काही होणार नाही हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, पण उठवेना. आबा शेजारी बसून प्रश्नचिन्हं मोजत होते.

“ह्ये सहा आन् मग चार, ह्ये कथांचं आसंल. पिवळ्या पुठ्ठ्याचं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “न्हाई. तसली लय हायती.”

शेवटी मी हात काढून घेतले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ते पान त्यांनी तळेगावात छापून आणलं होतं, पहिली दोन पानं. अवघड शब्दांखाली पेन्सिलनं मराठी अर्थ लिहिलेले. हिरव्या बटणापर्यंत एकही शब्द सुटला नव्हता. त्यापुढे पेन्सिल लागलेली नव्हती.

“काल नातवानं मोबाइलवर आख्खं दाखवलं,” ते म्हणाले. “सातव्या नंबरला हाय. तू लिवलंस व्हय ते?”

“हो.”

“म्हंजी तुला ठावं व्हतं.”

“हो आबा. वर लिहिलं होतं मी. खाली घ्यायला सांगितलं.”

“कुनी?”

मी सांगितलं. फोटोचं नाही सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कागदाची घडी घातली, परत खिशात ठेवली आणि म्हणाले, “लिवलं व्हतंस, पन खाली लिवलं व्हतंस. आमी वरून वाचतो.”

घरी येऊन मी प्रकल्पाच्या तक्रारींच्या जागी सगळं लिहिलं. एका वाचनालयाचं असं झालं आहे, आणखी लोकांचं होईल, ती सूचना ताबडतोब वर घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रमुखानं तक्रार बंद केली. कारण एका ओळीत: ‘ही बाब नोंदवलेली आहे. पाहा: ज्ञात अडचणी, मुद्दा ७.’ खाली माझ्याच वाक्याचा दुवा.

मी दुवा उघडला. लोकांनी वाचावं म्हणून लिहिलेलं वाक्य त्यांच्याच तोंडावर मारायला वापरलं होतं, आणि वाक्य चोख होतं. व्याकरणाची एक चूक नाही.

माझ्याकडे पान बदलायचे अधिकार होते. मी चौकट परत वर नेली. दोन तासांत ती खाली गेली. पुन्हा नेली, पुन्हा गेली. मग त्याचा निरोप आला, नेहमीसारखा गोड: तुझ्या भावना समजतात, पण निघालेल्या आवृत्तीचं पान असं रोज बदललं तर लोकांचा विश्वास जातो. शेवटी जोडलं होतं, ‘टीमचं नवं पान पाहिलंस का?’

पाहिलं. फोटो चांगला आला होता.

मी त्याच दिवशी सोडलं असतं, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. आणखी एका आवृत्तीचं पान मी लिहिलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. सवय असेल, आणि नाव नुकतंच लागलं होतं. त्या वेळी सूचना वर घेऊ दिली, कारण संस्थेचे लोक एव्हाना बघून गेले होते. त्यानंतर मी नाव काढायला सांगितलं. ते एका दिवसात निघालं. तिथे कशालाच एवढी घाई झालेली मी पाहिली नव्हती.

दर रविवारी मी गावी जायला लागले. म्हटलं, मी भरून देते सगळं पुन्हा, लॅपटॉपवर, महिन्याभराचं काम. आबांनी नकारार्थी मान हलवली.

“तू नावं वाच. मी लिवतो.”

त्यांनी नवी जाड वही आणली होती, समास आखून ठेवला होता. मी कपाटातून एकेक पुस्तक काढायची, धूळ पुसायची, नाव वाचायची. ते लिहायचे, सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं. पहिल्या पानावर कुणी भेट दिल्याचं लिहिलेलं असलं तर ते. पुष्कळांवर नव्हतंच. ते फक्त आबांना ठाऊक होतं, आधी वहीत होतं, मग कॉम्प्युटरमध्ये. त्यातलं अर्धंमुर्धं त्यांना आठवायचं. वडिलांची पुस्तकं ओळखायचा मी प्रयत्न केला. चाळीस-एक सापडली. काहींवर मी वडिलांचं नाव सांगितलं, तर आबा म्हणाले, “न्हाई, ते त्यांचं न्हवं,” आणि नाही लिहिलं. खोटी नोंद त्यांच्या हातून झाली नाही.

दोन कपाटं झाली. तिसऱ्याच्या मधोमध त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, ती झाली, पण तासभर वाकून लिहिणं काही जमेना. मी म्हटलं, मी लिहिते, तुम्ही बघा. ते नुसतेच “बघू” म्हणाले. वही कपाटावर ठेवली, ती तिथेच आहे. कॉम्प्युटर अंगणवाडीला गेला. मुलं त्यावर गाणी बघतात.

अर्धं तिसरं, चौथं, पाचवं कपाट नोंदीशिवाय उभं आहे. लोक येतात, घेऊन जातात, काही आणून देतात. आणून दिलं नाही तर मागणार कशाच्या आधारानं? गेल्या रविवारी मी गेले, तेव्हा एक कॉलेजची मुलगी आली होती. तिनं एका आत्मचरित्राचं नाव घेतलं आणि विचारलं, “आहे का आबा?”

आबा खुर्चीतून उठले नाहीत. हातानं कपाटांकडे दाखवलं.

“बघ तितं. आसलं तर आसंल.”

मी उठले आणि तिच्याबरोबर शोधायला लागले. पाचही कपाटं पाहिली. नव्हतं.