विमानातला पाटकरी

पिंपळवंडीत अजूनही समज आहे की मी बंगळूरला विमान चालवतो. वडिलांनी तसं कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर खोडलंही नाही, एवढंच. विमानात मी अजून बसलेलोसुद्धा नाही. वैमानिकासमोरचे पडदे जिथं तपासतात तिथं मी कामाला आहे, आणि माझं काम म्हणजे बिघाड करणं. पडद्यावर नकाशा, वेग, इंजिन असे वेगवेगळे प्रोग्राम चालतात. मी नकाशा मुद्दाम बंद पाडायचा आणि वेगाचा आकडा अडकतो का ते बघायचं. नववीत शाळा सोडलेल्या पोराला मोडतोडीचं काम मिळालं, याचं घरी कुणाला नवल वाटलं नाही.

पण हे एकट्यानं करायचं तर तोंडी परीक्षा. नापास झालो की परत पॅकिंगला. परीक्षा घेणार होत्या आमच्या बेळगावच्या मॅडम. त्यांनीच मला पॅकिंगमधून उचलून इथं बसवलेलं, म्हणजे लाज दोघांची जाणार. आठवडाभर जेवण गेलं नाही.

पडद्यामागची ऑपरेटिंग सिस्टीम काय करते, असं त्यांनी विचारलं आणि पाठ केलेलं सगळं उडालं. आठवला तो आमच्या चारीवरचा, कालव्याचं पाणी पाळीपाळीनं सोडणारा पाटकरी. म्हटलं, मॅडम, ती पाण्याच्या पाळ्या लावते. प्रत्येक प्रोग्रामला ठरलेला वेळ, ठरलेलं वावर. एकाचा बांध फुटला तरी दुसऱ्याचं वावर कोरडं राहत नाही की बुडत नाही.

"बरं. नकाशाचं काम लवकर उरकलं. उरलेला वेळ कुणाला?"

"शेजारच्याला," मी बोलून गेलो. आमच्याकडं भिजवण झालं की शेजाऱ्याला हाक मारतात. पाणी वाया घालवलं तर गाव नावं ठेवतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला पॅकिंगची चिकटपट्टी दिसायला लागली.

"थांबा मॅडम, ते गावाकडं. इथं कुणालाच नाय. वाया गेला तरी चालेल. एकदा दिला की शेजारी तो आपलाच धरून चालतो. मग नकाशाला पुरी पाळी लागली की भांडणं."

"हे कुठं वाचलं?"

"वाचलं नाय. चुलत्यांशी त्यावरूनच बोलणं बंद हाय."

मॅडम हसल्या, आणि हसता हसताच सही केली.

घरी फोन लावून वडिलांना सगळं सांगितलं.

"मंग आता गावात पाटकरी म्हणून सांगा," मी म्हणालो.

"नको. पायलटच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पाटकरी म्हणलं की सगळी पाणी मागाया येतील."