नवे टायर पुढे

टायरच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. तळोद्याहून चांदसैलीचा घाट ओलांडून धडगावच्या बाजाराला पिकअप नेतोय इतकी वर्षं, मला कोण शिकवणार? दोनच घ्यायचे असले की नवे पुढे, जुने मागे, हा आम्हा ड्रायव्हर लोकांचा नियम. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही, असं आम्ही एकमेकांना छातीठोकपणे सांगतो.

यंदा पावसाळ्याआधी टायरवाल्या चाचांकडे गेलो. रबराच्या जाड गट्ट्यांचे, रुबाबदार दोन टायर मी हेरून ठेवले होते. चाचांनी तिकडे पाहिलंही नाही. ते माझ्या मागच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून बसले. नख बुडेना.

"पुढे कोन बसस?"

"मी."

"अन् मांगे?"

मागे मिरचीची पोती असतात आणि पोत्यांवर आई. बाजारात मिरची तीच विकते. केबिनमध्ये डिझेलच्या वासाने तिला मळमळतं, म्हणून ती मागेच बसते.

"पुढलं चाक सरकनं ते तुले समजस," चाचा म्हणाले. "मांगलं सरकनं ते गाडीच फिरी जास."

मला राग आला, पण त्यांचा नव्हे. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकला होता, आणि तो किस्सा मी नाक्यावर हसत हसत सांगितला होता. तेव्हाही आई मागेच होती.

शेवटी चाचांनी काढून दिलेले साधे, खोल खाचांचे, ओल्या डांबरावर पकड धरणारे टायर निमूटपणे घेतले. मागे बसवले.

दुसऱ्या दिवशी आई गाडीत चढताना थबकली. चाकावर हात फिरवून म्हणाली, "नवा मांगे कसा टाकात?"

"तू मांगे बसस म्हनीसन."

ती चिडलीच. "मन्हं काय? पुढेच टाक. इतला साल नवा तुन्हा खाले ऱ्हायेत, म्हनीसन मी मांगे निवांत बसू."

म्हणजे झिजलेले टायर आपल्याखाली असतात, हे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं. मला लाज वाटली. मी गाडीचा मागचा फाळका लावला आणि केबिनमध्ये जाऊन बसलो. त्या दिवशी घाट उतरताना प्रत्येक वळणावर मी आरशात तिला पाहत होतो. पोत्यांना टेकून ती झोपली होती.