बैलाची उत्तरेकडची बहीण

आमच्या साडभावांइतकं उत्तर ध्रुवाबद्दल बोलणारा माणूस दिग्रस तालुक्यातच काय, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर देवानं त्याला माझ्यापासून लांब ठेवावं. स्वतः साडभाऊ उत्तरेला नागपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. एसटीत कंडक्टर होते. एक प्रवासी सीटवर जाड इंग्रजी पुस्तक विसरून गेला, न्यायला कोणी आलं नाही, आणि यांनी ते डिक्शनरी घेऊन आठ वर्षं वाचलं. पुस्तक होतं बर्फाळ मुलखात सापडलेल्या खूरवाल्या जनावरांच्या हाडांबद्दल. तो प्रवासी सुटला, सापडलो मी. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघी एकाच गावात दिलेल्या, भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे पळायलाही जागा नाही.

जनावर दिसलं की साडभाऊ आधी त्याचे पाय बघतात. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून आला. बॅण्ड ऐन रंगात होता, आणि हे घोड्याचा खूर हातात धरून वऱ्हाडाला समजावत होते की याला पूर्वी चांगली तीन-चार बोटं होती, एकेक करत गेली, आता उरलेल्या एका बोटाच्या नखावर तुमचा मुलगा बसलेला आहे. व्याह्यांनी मला विचारलं, हे कोण? मी ओळख दिली नाही. एकदा तुरीवर अळी पडली म्हणून मी हवालदिल होऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, तिथं सहा महिने रात्र राहे. तरी जनावर जगलंच ना? तू अळीचं काय घेऊन बसला." ध्रुवाजवळ एके काळी दलदल होती, तिच्यात गेंड्याचे चुलते लोळत होते, हे मी चहाबरोबर इतक्या वेळा गिळलं आहे की चहाच सोडावा असं वाटायचं. पण त्यांचं खरं प्रेम उंटावर. उंट मूळचा वाळवंटातला नाहीच, तो अतिउत्तरेच्या बर्फातला. पसरट पाय बर्फावर चालायला, मदार लांबलचक हिवाळ्यासाठी. पुढं हे उंट तिथं खात काय होते हेही सांगायला साडभाऊ दरवेळी सुरुवात करत, आणि दरवेळी मला घरी काहीतरी काम आठवे.

दरवर्षी आमच्याकडे काठेवाडी मेंढपाळ मेंढ्या आणि उंट घेऊन येतात. साडभाऊ त्यांच्या तळावर जाऊन बसत आणि त्यांच्याच उंटांचा इतिहास त्यांना ऐकवत. एका ज्येष्ठात मेंढपाळांची म्हातारी सांडणी, म्हणजे उंटीण, लंगडायला लागली. पावसाआधी तळ हलवायचा होता, तिच्यानं चालवेना. म्हाताऱ्या मेंढपाळानं तिची दोरी साडभावांच्या हातात दिली. "गीले में बैठ गई तो फिर उठेगी नहीं, बाबूजी. खड़ी रखना. दिवाली के बाद आएंगे."

बाबूजींना आभाळ ठेंगणं झालं. मला मात्र सांडणी माझ्याच कुंपणावरून मान घालून माझीच तूर खाताना दिसू लागली. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, "पाहुणी हाये ना भाऊ थे, किती लांबून आली." पोळ्याच्या दिवशी तर त्यांनी हद्द केली. गावचे बैल सजून तोरणाखाली उभे, आणि हे झूल घातलेली सांडणी घेऊन रांगेत आले. माझी जोडी जी बिथरली ती दोर तोडून थेट कोणाच्या तरी सोयाबीनमध्ये. सरपंच म्हणाले, "कंडक्टर, पोळा बैलाचा राह्यते. हिले कायले आणलं?"

"बैलाले बोटं किती? दोन. हिले किती? दोन. बैलाची लांबची बहीण हाये थे, उत्तरेकडची. सणाले बहिणीले बलावत नाही काय तुमी?"

एका आजीबाईचा हात कपाळापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तिनं सांडणीच्या गुडघ्यालाच कुंकू लावलं.

पोळ्यानंतर आठ दिवस पावसाची झड लागली. ज्या पसरट पायाचे गोडवे मी वर्षानुवर्षं ऐकले, तो आमच्या काळ्या मातीत साबणावर ठेवल्यासारखा घसरत होता. साडभावांनी कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, पऱ्हाट्यांच्या, पेंढ्या अंगणात अंथरल्या. त्यांच्या संपल्या तेव्हा मला न विचारता माझ्या नेल्या. मी भांडायला म्हणून भिंतीपलीकडे गेलो, तर सांडणी पुढच्या गुडघ्यांवर आलेली, आणि हे चिखलात बसून तिच्या छातीखाली खांदा लावून होते. "उठ माय, उठ. आता नोको बसू. शब्द देल्ला मी त्याले." उत्तर ध्रुवाचं नावही काढलं नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली, तिच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. मग मीही खांदा लावला, बायकोनं चुलीसाठी जपलेल्या पेंढ्या स्वतः आणून टाकल्या, आणि अर्ध्या तासानं ती एकदाची उभी राहिली.

दिवाळीनंतर मेंढपाळ आला. त्यानं हाक मारली तशी ती निघाली, मागे वळूनही पाहिलं नाही. साडभाऊ म्हणाले, "पाय बरा झाला तिचा," आणि घरात गेले. अंगणातल्या पऱ्हाट्या त्यांनी कितीतरी दिवस उचलल्या नाहीत.

यंदा काठेवाडी आले, पण त्यांच्यात ती नव्हती. म्हातारा सांगायलाच आला होता. गावाकडे गेली, म्हणाला, आपल्या मुलखात, कोरड्या जमिनीवर. साडभावांनी विचारलं, "मरतानी तोंड कुठं होतं तिचं?"

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "उत्तर की तरफ, बाबूजी."

एरवी मी हजार शंका काढल्या असत्या. त्या दिवशी एकही काढली नाही. म्हातारा गेल्यावर साडभाऊ नुसतेच रस्त्याकडे बघत बसले. घरी काम होतं, खरंच होतं, पण मी खाट ओढून जवळ बसलो.

"साडभाऊ," मी म्हणालो, "तिथं बर्फात थे उंट खात काय होते?"

"पानं," ते हळूच म्हणाले. "तवा झाडं होती ना भाऊ तिथं." आणि मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.